अर्नाळ्याची वाळू

आमच्या आचोळ्याच्या घरात रविवारी दोन यंत्रं चालायची आणि दोघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. एक आईचं शिलाई मशीन. ते हॉलच्या खिडकीशी होतं आणि सकाळचा चहा झाला की त्याची खडखड सुरू व्हायची. दुसरी बाबांच्या गाडीची मोटर. गाडी म्हणजे वीतभर लांबीची, रिमोटवर पळणारी रॅलीची गाडी. बाबा ती पालथी करून मांडीवर घ्यायचे, चाकं हवेत फिरवायचे, आणि त्या किंचाळण्याने शेजारचा पोपटसुद्धा गप्प व्हायचा. आई मशीन थांबवून म्हणायची, "अहो, आधी तिला खाली तरी न्या, नाहीतर मी जाते." कुणीच कुठे जायचं नाही. मधूनच सोल्डरचा जळका वास यायचा, स्वयंपाकघरातून सुक्या बांगड्याचा यायचा, आणि या दोन वासांच्या मध्ये बसून मी स्क्रू लहान-मोठे वेगळे करत असायचे. बाबा मुंबईला एका औषधांच्या गोदामात कामाला होते. आठवडाभर घरात त्यांचा डबा आणि बॅग तेवढी दिसायची. माझा बाबा नावाचा माणूस रविवारी सापडायचा, आणि तोही गाडीसकट.

विकत मिळणारी चांगली गाडी आमच्या आवाक्यातली नव्हतीच, त्यामुळे बाबांनी खेळण्यातल्या दोन मोडक्या गाड्यांची मिळून एक केली होती. सांगाडा एकीचा, चाकं दुसरीची, मोटर आणि रिसीव्हर कुठून कुठून मागवलेले. वरचं शरीर ते सनबोर्डातून कापायचे, आणि सनबोर्डाला आमच्या भागात तोटा नव्हता. कुणा ना कुणा दादांचा वाढदिवस झाला की चौकातले फलक उतरायचे आणि बाबा एखादा मागून आणायचे. पांढरी बाजू वर, छापील बाजू आत. त्यामुळे आमची गाडी वळणावर उलटली की आतून एखाद्या भाऊंचं अर्धं स्मित आणि हार घातलेला खांदा आकाशाकडे बघायचा. मोटरमध्ये धूळ जाऊ नये म्हणून आईच्या पेटीतल्या नेटच्या कापडाची टोपी. शॉकॲब्जॉर्बरमध्ये आईच्या मशीनचं तेल. ते दोन दिवसांत गळून जायचं, मग पुन्हा तेल, मग आईचा प्रश्न, "माझी तेलाची बाटली पितं कोण या घरात?" असा सगळा कारभार होता.

गाडी बांधायचे बाबा आणि चालवायचे मी. हे ऐकून आमच्या ओळखीचे लोक हसायचे, कारण मी एक नंबरची भित्री होते. लिफ्टची भीती, पालीची भीती, फळ्याकडे जायची भीती. आता या वयात लोक मला धीराची बाई समजतात, समजोत बिचारे. पण रॅलीत दुसरी गाडी शेजारी नसते, एकट्याने घड्याळाशी धावायचं असतं, आणि ते मला जमायचं. आमच्या इमारतीमागे भरणी टाकलेलं मोकळं मैदान होतं. बाबा त्यात आधी चालत जाऊन वहीच्या कागदावर रस्ता लिहून काढायचे आणि मी चालवताना माझ्या मागे उभे राहून वाचायचे. "डावी मोठी. विटांचा ढीग, उजवीकडून. आता उडी, सोड, सोड! आखूड उजवी, दाब!" मी गाडीकडे पाहायचे आणि माझे अंगठे त्यांचा आवाज ऐकायचे. मी ब्रेक लवकर दाबते ही त्यांची कायमची तक्रार. पण रागावले नाहीत कधी. एकदा म्हणाले, "घाबरायचं तर घाबर मिनू, फक्त मला सांगून घाबर. म्हणजे मी तिथे हळू वाचेन." ते वाक्य मी तेव्हाच नीट ऐकलं असतं तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती.

कारण घरातली खरी भीतीची वस्तू गाडी नव्हतीच, बॅटरी होती. साबणाच्या वडीएवढी, मऊ पाकिटासारखी, निळी. आत दोन कप्पे. ती चुकीची चार्ज झाली की फुगते आणि फुगली की पेट घेते, हे बाबांनी मला मोबाइलवर दाखवलं होतं. तो व्हिडिओ पाहिल्यापासून मी त्या बॅटरीकडे पाठ करून कधी बसत नसे. बाबांचा नियम असा, की बॅटरी मातीच्या कुंडीत ठेवायची, खाली आणि भोवती कोरडी रेती, तिथेच चार्ज करायची, आणि काम झालं की तिथेच रेतीत पुरून ठेवायची. कुंडीची जागा स्वयंपाकघरामागच्या छोट्या ड्राय बाल्कनीत, फरशीवर. बाबांनी मला सांगितलं, "मागच्या नव्या बिल्डिंगच्या मुकादमाशी बोललोय. सुट्टीतल्या क्लासवरून येताना पिशवीभर रेती घेऊन ये. पोरीला पाठवतो म्हटलंय."

त्या बिल्डिंगच्या फाटकाशी दोन कुत्रे असायचे. बांधलेले असायचे असं सगळे सांगतात, मला मात्र साखळी कधी दिसली नाही. पहिल्या दिवशी मी फाटकापर्यंत गेले, त्यातला काळा उठून उभा राहिला, भुंकलासुद्धा नाही, नुसता उठला, आणि मी परत फिरले. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरूनच. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या रस्त्याने घरी आले. बाबांना काय सांगणार? बारा वर्षांची घोडी आणि कुत्र्याला भिते? आणि रविवार जवळ येत होता.

शनिवारी आई मला अर्नाळ्याला घेऊन गेली. पावसाळ्याआधी सुकी मासळी भरून ठेवायची म्हणून ती दरवर्षी जायची आणि तिथल्या एका ठरलेल्या मावशीकडूनच घ्यायची. काठ्यांवर बोंबील वाळत होते, आडव्या कापडावर सुकट पसरली होती, आणि दोघींची घासाघीस रंगात आली होती. मावशी म्हणत होती, "बाय, तुला परवडत नाय तं बघून जा, पन माज्या बोंबलाला ओला नको बोलूस!" आई म्हणत होती, "ओला नाही तर मग हा वाकतो कसा?" ही लढाई बराच वेळ चालणार हे मला अनुभवाने ठाऊक होतं. समोर किनाराभर वाळू पडलेली. कुत्रं नाही, मुकादम नाही, फाटक नाही. मी प्लास्टिकची पिशवी काढली, भरती जिथे आदल्या दिवशी येऊन गेली असेल तिथली वरची वाळू ओंजळीओंजळीने भरली, गाठ मारली आणि आईच्या कापडी पिशवीत अगदी तळाला ठेवली. वर सुकट, वर बोंबील. परतताना पिशवीचा एक बंद आईच्या हातात आणि एक माझ्या. आई दोनदा थांबली. "चार बोंबलांचं एवढं वजन कसं गो?" मी म्हटलं, "ओले दिले असतील मावशीने." आईने मावशीला मनसोक्त शिव्या घातल्या. मला त्या वेळी हसू आलं होतं, हे मी लपवत नाही.

बाबांना मी सांगितलं, रेती आणली. कुठून ते त्यांनी विचारलं नाही आणि मी बोलले नाही, पण खोटं म्हणजे काही फक्त बोलूनच होतं असं नाही. ते "शाब्बास" म्हणाले, आईची जुनी चाळण घेतली आणि पिशवी बाल्कनीत नेली. मी तिथे थांबले नाही. हाताला ती वाळू कोरडी लागली होती, उन्हात तापलेली होती, त्यामुळे माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. भीती वाटत होती ती पकडलं जाण्याची, बाकी कशाची नाही.

मग आभाळ भरून यायला लागलं, हवा दमट झाली, घरातलं मीठ बरणीत पाझरायला लागलं. तीन रविवार काही झालं नाही. चौथ्या रविवारी दुपारी बाबांनी कुंडीतली बॅटरी चार्जिंगला लावली. आमच्याकडे दुसरी एक भरलेली होती, ती गाडीत घातली. एरवी कुंडीपाशी कुणीतरी बसायचंच असा नियम, पण पाऊस कधीही सुरू झाला असता आणि मैदान चिखल झालं असतं, म्हणून बाबा आईला म्हणाले, "जरा लक्ष ठेवशील? अर्ध्या तासात येतो." आई दाताने दोरा तोडत म्हणाली, "जा. तुमच्या अंड्यावर बसते मी."

मैदानात मी त्या दिवशी छान चालवत होते. बाबा मागून वाचत होते, "डावी मोठी, धर, धर, आता उडी..." आणि पुढचा शब्द आलाच नाही. मला वाटलं कागद उडाला. गाडी उडीवरून गेली, पुढे काय करायचं ते मला कुणी सांगेना, आणि मी मागे वळले तर बाबा वर बघत होते. आमच्या चौथ्या मजल्याच्या छोट्या बाल्कनीतून धूर येत होता, पांढरा, दाट, आणि जोरात, कुणीतरी आतून फुंकल्यासारखा. त्याच बाल्कनीत आमचा भरलेला जादा गॅस सिलिंडर उभा असायचा. हे आम्हा दोघांनाही एकाच वेळी आठवलं असणार, कारण बाबांच्या तोंडून आईचं नाव निघालं. ते तिला एरवी नावाने हाक मारत नसत. आणि ते धावले.

मी धावले नाही. हे मला आजही सांगताना जड जातं. मी रिमोट धरून तिथेच उभी राहिले, पाय हलेनात, आणि कानात एकच चालू, आता स्फोट होईल, आता होईल. वरच्या मजल्यावरची कुणी बाई किंचाळली तेव्हा कुठे पाय सुटले. जिन्यात प्रत्येक मजल्यावर वास वाढत गेला, जळक्या प्लास्टिकचा आणि त्यात काहीतरी गोडसर. दुसऱ्या मजल्यावर मी कठडा धरून थांबले. वर गेले तर काय दिसेल, त्यापेक्षा इथेच थांबावं, असं मला स्पष्ट वाटलं. शेजारचे काका वरून रिकामी बादली घेऊन उतरले आणि म्हणाले, "जा वर, आई आहे तुझी, जा." आहे, या शब्दावर मी उरलेले दोन मजले चढले.

आई बाथरूमच्या दारात खाली बसली होती. बाबा नळाची धार तिच्या हातावर धरून होते. आत कुंडीचे दोन तुकडे, काळं पाणी आणि वाळू. झालं होतं असं, की तिने फस्स असा आवाज ऐकला आणि बाल्कनीत गेली तर कुंडीतून ज्वाळा सिलिंडरच्या दिशेने जात होती. सिलिंडर उचलायला तिच्याने जमलं नसतं. म्हणून तिने पेटती कुंडीच उचलली, दोन्ही हातांनी, आणि स्वयंपाकघरातून बाथरूमपर्यंत नेली. अंगावर ज्वाळेचा झोत असताना. मध्ये टाकून दिली नाही, कारण वाटेत गिऱ्हाइकांचे ब्लाउज टांगलेले होते. हे तिने नंतर मला सांगितलं, फार मोठं काही नसल्यासारखं. डावा हात थोडक्यात वाचला. उजव्याचा तळवा आणि दोन बोटं भाजली ती आतपर्यंत.

डॉक्टर म्हणाले, जखम भरेल, बोटं किती वळतील ते आत्ता सांगता येणार नाही. शिलाई मशीनवर चादर पडली. रविवार इतके शांत असू शकतात हे मला माहीत नव्हतं. त्या शांततेत एका संध्याकाळी बाबा वर्तमानपत्रावर जळलेली बॅटरी ठेवून बसले होते. पाकीट जळून गेलं होतं, पण लांब वायरीच्या टोकाचा, दोन्ही कप्प्यांना वेगवेगळा जोडलेला तीन पिनांचा छोटा पांढरा प्लग शाबूत होता. त्याच्या पिना हिरव्या झाल्या होत्या. हिरव्या आणि खरबरीत. बाबा तो प्लग बोटांत धरून कितीतरी वेळ बघत राहिले. मी पलीकडून बघत होते, आणि मला शाळेतला तो प्रयोग आठवला. ग्लासात साधं पाणी, दिवा लागत नाही. मीठ घालून ढवळा, लागतो. वाळू कोरडी होती, पण मीठ होतं त्यात, आणि दमट हवेत मिठाला पाणी सुटतं. पुरून ठेवलेल्या प्लगमधून तीन आठवडे एक कप्पा गुपचूप रिकामा होत राहिला. आमच्या स्वस्त चार्जरला दोन कप्प्यांतला फरक कळत नव्हता, त्याने दुसऱ्यात भरत भरत त्याला फोडलं. हे सगळं नीट शब्दांत मला नंतर उमगलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की हे मी केलं आहे. बाबांनी वर्तमानपत्राची पुडी बांधली आणि आत जाऊन आईला म्हणाले, "बॅटरीच खराब निघाली. फसवलं आपल्याला."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. आईच्या पट्टीखालून हात कसा निघतो याची भीती, आणि तिला खरं सांगावं लागेल याची भीती, आणि या दोहोंत दुसरी मोठी आहे हे कळल्यावर स्वतःचीच भीती. मी कपडे धुतले, भांडी घासली, तिची वेणी घातली. शेजारणी म्हणायच्या, पोरगी एकदम शहाणी झाली. रोज ठरवायचे, आज सांगते. तिच्यासमोर बसले की जीभ टाळ्याला चिकटायची. आणि ती माझ्याकडे बघून म्हणायची, "दमलीस गो बाय? बस जरा." बाबांनी गाडी आणि तिचं सगळं सामान गोणीत भरून माळ्यावर टाकलं तर त्यांच्यावरच चिडली. "बॅटरीने घात केला, त्यात गाडीचा काय दोष? पोरीचं तोंड बघा किती उतरलंय. काढा ती गोणी."

पट्टी सुटली. तळवा गुलाबी, चकचकीत, आणि दोन बोटं अर्धवट वाकलेली. ती सरळही होत नव्हती आणि पुरती मिटतही नव्हती. आईने कात्री घेतली, बोटं कड्यांत घातली, दोनदा प्रयत्न केला आणि कात्री परत पेटीत ठेवली. "होईल हळूहळू," ती म्हणाली. मग आम्हा दोघांकडे बघून, "असे सुतकी चेहरे करून बसू नका. जा, गाडी फिरवून आणा. मी भात लावते."

आम्ही मैदानात गेलो. बाबांनी कागद लिहिला नव्हता. गाडी खाली ठेवली, रिमोट माझ्या हातात दिला, आणि मी तो चालूच केला नाही. म्हटलं, "बाबा, ती रेती मी बिल्डिंगवरून नव्हती आणली."

बाबा माझ्याकडे वळले.

"अर्नाळ्याहून आणली होती. बिल्डिंगच्या फाटकाशी कुत्रे असतात, मला भीती वाटली. त्यात मीठ होतं बाबा. मी केलं ते."

ते उकिडवे बसले, गाडीचं एक चाक बोटाने फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला माहीत होतं."

"काय?"

"समुद्राची आहे ते. चाळली तेव्हा शिंपल्याचे तुकडे निघाले. मूठभर. निवडून टाकले मी." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "म्हटलं, वाळू ती वाळू. मिठाचं डोक्यात यायला हवं होतं, माझ्या. तुझ्या नव्हे. तू लहान आहेस."

मला वाटलं होतं सांगितल्यावर मोकळं वाटेल. तसं झालं नाही, कारण मी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला तिथे माझाच चेहरा दिसला. तीच जीभ टाळ्याला चिकटलेली. मी म्हटलं, "मग आईला सांगूया?"

त्यांनी झटकन वर पाहिलं. चौथ्या मजल्याकडे. "नको," ते म्हणाले. "नको मिनू. तिने मनातून काढून टाकलंय आता. कशाला उगाच?" आणि नजर खाली आणत, "मला नाही जमायचं." असं मोठ्या माणसाने माझ्याशी बोलल्याचं ते पहिलंच. मी मान हलवली. खरं सांगते, मान हलवताना मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेची लाज मला अजून पुरली आहे.

गाडी फिरवलीच नाही. वर गेलो तर पानं घेतलेली होती. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. आई उजवा हात मांडीवर ठेवून डाव्या हाताने चमच्याने जेवायची, आणि चमच्याने काटे काही निघायचे नाहीत. म्हणून मी रोजच्यासारखा तिचा बांगडा माझ्या ताटात ओढला, पाठीचा कणा उचलला, बाजूचे बारीक काटे एकेक करून वेचले आणि नुसतं मांस तिच्या भातावर ठेवलं. आईने ते पाहिलं. तिचे डोळे भरून आले. ती तशी रडणारी बाई नव्हती.

"बघा हो," ती बाबांना म्हणाली, "माझी बाय किती करते माझं. कुणाच्या पोटी असं पोर जन्माला येतं?"

बाबांनी ताटातून मान वर केली नाही. मी दुसरा बांगडा ओढून घेतला आणि काटे काढत राहिले.